तनूच्या कानाचं माहेर

आमच्या गल्लीतल्या बायका सहलीला जाऊन आल्या की किती देवळं झाली ते बोटांवर मोजून सांगतात. मी माघात चार-पाच दिवस बेळगाव, निपाणी, बोरगाव करून आले आणि देऊळ एकही झालं नाही. "मग काय बघितलंस गं आक्का?" जो तो विचारतो. कान बघितला, म्हणते मी. त्यावर हसतात. रोज रोज सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून आता बसून लिहूनच काढते.

आधी कुणाचं कोण ते सांगते. मी खानापूरच्या पलीकडची, भाताच्या मुलखातली. मुलगा शेती बघतो. त्याची लेक रेवती बेळगावात रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. माझी लेक सुनंदा निपाणीत दिली. तिथं त्यांची पिठाची गिरणी. तिला दोन लेकरं, सागर पंचवीस वर्षांचा आणि बऱ्याच उशिरानं झालेली तनू, दहा वर्षांची. तनूला जन्मापासून ऐकू येत नाही. तिसऱ्या वर्षी ऑपरेशन करून कानाला यंत्र बसवलं. त्याच्यावर ती ऐकते, बोलते आणि कडाकडा भांडतेही.

सागरला रेवती करायची हे मी ती दोघं अंगणात खेळत होती तेव्हापासून धरलेलं. आमच्याकडं मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. तिकडं चिकोडीच्या कानडी घरांत तर सख्खा मामाच भाचीला करतो, आमच्यात ते चालत नाही, पण मामाची मुलगी म्हणजे हक्काची. दिवाळीनंतर सुपारी फुटली. लेकाची लेक लेकीच्या घरात सून म्हणून जाणार. दोन्ही घरं माझी. म्हातारीला याहून काय पाहिजे?

आणि एक दिवस रेवतीनंच काढलं. "आजी, तनूला कशामुळं ऐकू येत न्हाय, ते कुणी तपासलंय काय कधी?" सुनंदा तनूला घेऊन बेळगावच्या दवाखान्यात यायचीच. रेवतीनं तनूचं रक्त तपासायला लावलं, बरोबर आपलंही दिलं. दोन्ही कागद आले आणि डॉक्टरबाईंनी निरोप धाडला, घरात जुनं माणूस कोण असेल त्यांना घेऊन या. जुनं माणूस म्हणजे आमच्याकडं मीच उरलेय.

बेळगाव

डॉक्टरबाई वयानं रेवतीहून थोड्याच मोठ्या, कानडी वळणाचं मराठी बोलणाऱ्या. मला वाटलं होतं दोन मिनिटांत बाहेर काढतील. त्यांनी खुर्ची ओढून माझ्यासमोर घेतली.

"अज्जी, तुम्ही घर शाकारलेलं बघितलंय काय?"

"बघितलंय? हातानं कौलं दिलीत, बाई."

खरं तर मधलं त्यांनी बरंच सांगितलं, चित्रं काढून सांगितलं. मी माझ्या भाषेत सांगते. आपल्या अंगात प्रथिनं लागतात, आणि ती कशी करायची याच्या कृती पेशीपेशीत लिहिलेल्या असतात. एका कृतीला म्हणायचं जनुक. त्यातल्या एकाचं नाव जीजेबी-टू. मला तो मोटरसायकलचा नंबर वाटला, तसं म्हटलं तर डॉक्टरबाई हसल्या. या जनुकावरून जे प्रथिन होतं त्याचं नाव कनेक्सिन. त्याचे सहा तुकडे गोल बसले की पेशीच्या भिंतीला एक झरोका होतो. शेजारची पेशी आपला झरोका बरोबर त्याच्यासमोर आणते. मग ह्या घरातलं त्या घरात द्यायला वाट होते.

कानाच्या आत, अगदी खोल, गोगलगायीच्या शंखासारखा एक वेढा आहे. आवाज आला की तिथल्या बारीक केसांच्या पेशींत पोटॅशियम नावाचं मिठासारखं काहीतरी शिरतं, आणि तेव्हा मेंदूला कळतं की कुणी हाक मारली. पण काम झालं की ते मीठ परत आपल्या जागी गेलं पाहिजे, पुढच्या हाकेसाठी. ते जातं ह्या झरोक्यांतून, एका पेशीकडून दुसरीकडं. घर शाकारताना आपण शिडीवर ओळीनं उभे राहतो आणि कौलं हातोहात वर देतो, तसंच. मधली माणसं हात पुढं करेनात, तर कौलं खाली नुसती साठतात आणि छप्पर उघडं राहतं. तनूच्या कानात झरोकेच झाले नाहीत.

एवढं मला कळलं आणि लई बरं वाटलं, काय सांगू. दहा वर्षं आम्ही म्हणत होतो की सुनंदा गरोदरपणी ग्रहणात बाहेर आली म्हणून, नाहीतर दृष्ट लागली म्हणून. आणि हे एवढंसं, डोळ्याला न दिसणारं दार.

मग डॉक्टरबाईंनी पुढचं सांगितलं. प्रत्येकाकडं ह्या कृतीच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरीवर काम चालतं, माणसाला जन्मभर पत्ता लागत नाही. दोन्ही बिघडलेल्या आल्या, तर ऐकू येत नाही. तनूच्या दोन्ही बिघडलेल्या, म्हणजे एक सुनंदाकडून आणि एक जावईबापूंकडून. आणि रेवतीच्या कागदात एक बिघडलेली निघाली होती.

"आता सागरचं बघितलं पाहिजे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्याच्याकडं एक असण्याची शक्यता तीनात दोन. असली, तर ह्या दोघांच्या प्रत्येक बाळाला तनूसारखं होण्याची शक्यता चारात एक."

"म्हणजे लगीन करू नको म्हणताय?"

"मी तसं म्हणत नाही अज्जी. ठरवणार ते दोघं. पण ठरवताना माहीत असू दे की."

रेवती सगळा वेळ आपल्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

डॉक्टरबाईंनी एक मोठा कागद दिला. बाप्यांना चौकोन, बायकांना गोल, ऐकू न येणाऱ्याला आत शाई भरायची, गेलेल्यावर तिरकी रेघ. दोन्ही घरांचं मागं जाईल तेवढं लिहून आणा म्हणाल्या. रेवतीच्या खोलीवर बसून मी माझं बोरगावचं माहेर काढलं. वडील, आजोबा, आजोबांची धाकटी बहीण कृष्णा. कृष्णा पोरवयातच गेली असं ऐकलेलं, तिच्या गोलावर रेघ मारली. आत शाई भरायची वेळ एकदाही आली नाही. माझ्याकडचं सगळं स्वच्छ. डॉक्टरबाईंनी एवढं समजावलं तरी माझ्या मनानं घेतलं की खोट असणार ती निपाणीकडं, आणि मी ती शोधायला निघाले.

कोगनोळी

जायचं होतं निपाणीला, पण पोचले कोगनोळीला. त्याचं असं झालं, सकाळची गार हवा, खिडकीजवळची जागा, मांडीवर बेळगावच्या गोड कुंद्याचा डबा. काकतीपर्यंत जागी होते. पुढं भाताची कापून झालेली रानं मागं पडली, उसाचे फड सुरू झाले, आणि माझा डोळा लागला. जाग आली ती कंडक्टरच्या ओरडण्यानं.

"अज्जी! निप्पाणी होयतु! निपाणी गेली की हो!"

"मग उठवायचं न्हाय काय मला?"

"तीनदा हाक मारली. तुम्हाला ऐकूच आलं न्हाई!"

गाडीतली माणसं हसली. मी कशाला चालले होते ते त्यांना काय माहीत. कोगनोळीच्या नाक्यावर उतरले, ट्रकांच्या रांगेतून रस्ता ओलांडताना कुंद्याचा डबा पडला आणि झाकण उडालं. वरचा थर झटकून उरलेला पदराखाली घेतला, आणि परतीच्या गाडीनं निपाणीत शिरले.

निपाणी

निपाणी नाकाला आधी कळते. तंबाखूचा तो गोडसर, डोक्यात चढणारा वास. पहिल्या तासात शिंका येतात, मग कळेनासा होतो. आमच्याकडं घरात शिरलं की भाताच्या वाफेचा वास, इथं चुलीवर ज्वारीची भाकरी फुगलेली आणि पाट्यावर मिरच्यांचा खर्डा. मी आपल्या शेतातला तांदूळ नेते, सुनंदा तो सणाला म्हणून डब्यात ठेवते, आणि रोज भाकरीच करते. एवढी वर्षं मी खर्डा खाताना रडते आणि ते मला हसतात.

तनू गिरणीत होती. यंत्र काढून खिशात ठेवलेलं. गिरणीत तिला ते नको असतं, नुसता गोंगाट होतो म्हणते. गिरणीच्या लाकडी पेटीला तिनं दोन्ही तळहात टेकवले होते. मला खुणेनं डोळे मिटायला सांगितलं आणि माझे हात पेटीवर दाबले. मला नुसती थरथर कळली. तिनं यंत्र लावलं आणि विचारलं, "काय दळतंय सांग, आजी."

"गहू?"

"हरलीस. ज्वारी. गहू दळताना लई बारीक थरथर येते."

जावईबापू म्हणाले, ती एकदाही चुकत नाही. मला डॉक्टरबाईंचे झरोके आठवले आणि वाटलं, ह्या पोरीनं आपले झरोके हातात काढून घेतलेत.

जेवणं झाल्यावर मी सोप्यात, पुढच्या खोलीत, कागद पसरला. समोर विहीणबाई, हौसाक्का. माझ्याहून मोठ्या, शब्दानं तिखट. सागरचं रक्त तपासायचंय हे त्यांच्या कानावर आधीच गेलेलं.

"आमच्या सागऱ्याच्या रक्तात खोट काढाय आलीयास व्हय?"

"खोट न्हवं हो. नुसतं बघायचं हाय."

"बघायचं न्हाय आणि दावायचं न्हाय. आमच्या घरात बहिरं कुणी झालं न्हाय. तुझी लेक यायच्या आधी तर कोणच न्हाय."

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत गेली. हे वाक्य तिनं दहा वर्षं ऐकलेलं. मला राग आला, पण मी कागदावर चौकोन काढत राहिले. हौसाक्कांचे मालक, त्यांचे वडील. "आणि सासूबाई?" विचारलं.

"लक्ष्मी. तिला ऐकू येत न्हवतं. हातानं बोलायची. पर ती मोजू नकोस."

माझं पेन थांबलं. "का न मोजायची?"

"ती बाहेरनं आलेली. आमच्या कुळातली न्हवं."

आता हे तुम्हाला विचित्र वाटेल, पण मलाही क्षणभर बरोबरच वाटलं. आपण असंच मोजतो ना? सून दुसऱ्या कुळाची, तिचं काय ते तिच्या माहेरचं. मग मी चित्रातल्या रेघेकडं बघितलं.

"हौसाक्का, तुमचे मालक कुणाच्या पोटचे?"

"कुणाच्या म्हंजे? लक्ष्मीच्याच की."

"मग?"

लक्ष्मीच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील, तर तिच्या प्रत्येक लेकराला एक जाणारच. ती मालकांना मिळाली, त्यांच्याकडून जावईबापूंना, आणि तनूला. मला मनातून बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. खोट निपाणीचीच निघाली की!

"कुठल्या गावची होती लक्ष्मी?" मी विचारलं.

"बोरगावची म्हणायचे. पर तिला म्हायेर न्हवतंच. कोण कधी आलं न्हाय, कोण कधी न्यायला न्हाय."

माझ्याच गावची, आणि मला माहीत नाही? दुसऱ्या दिवशी सकाळी बोरगावची गाडी धरली.

बोरगाव

माझं माहेरघर आता विकलेलं आहे, तिथं मोबाईलचं दुकान झालंय. शेजारचं घर मात्र तसंच आहे, आणि त्यात पद्माक्का तशाच आहेत. जैनांचं घर, आमच्या आणि त्यांच्या परसात एकच भिंत. पद्माक्का नव्वदीला टेकल्यात. मला बघितल्याबरोबर म्हणाल्या, "शालन! ऊटा आयता?" जेवलीस का, म्हणून. माझं लग्नातलं नाव सुशीला, शालन म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलंय.

दिवसभर त्यांच्या आठवणीच चालल्या, कानडी आणि मराठी एकाच वाक्यात. कामाचं विचारलं की म्हणायच्या, आधी जेव. त्यांच्याकडं दिवस मावळायच्या आत पानं उचललेली पाहिजेत. ऊन पिवळं होताच ताटं मांडली. कांदा नाही, लसूण नाही, तरी मुगाच्या आमटीला जी चव होती ती मला आयुष्यात जमली नाही. बरोबर दुधातली दशमी, दही आणि शेंगदाण्याची चटणी. हात धुतल्यावर मी कागद काढला.

"पद्माक्का, बोरगावची एक मुकी-बहिरी पोर निपाणीत दिलेली. लक्ष्मी म्हणून."

त्या माझ्याजवळ सरकून बसल्या. "कुठल्या घरात?"

"गिरणीवाल्यांच्यात."

"ती लक्ष्मी तिकडं झाली. तू सुशीला झालीस तशी. इथं ती कृष्णा. तुझ्या आजोबाची भण."

"कृष्णा पोरवयात गेली की."

"गेली न्हाय. घालवली." पद्माक्का सावकाश बोलत होत्या. "लगीन ठरवताना लपवलं, हिला ऐकू येत न्हाय म्हणून. निपाणीकरांना कळलं तसे ते आले आणि भर पेठेत तुझ्या आजोबाची अब्रू काढली. नांदवली त्यांनी तिला, टाकली न्हाय. पर तुझा आजोबा म्हणाला, मला भण न्हवतीच."

मी कागदावर कृष्णाच्या गोलावरची रेघ बघत राहिले.

"तुझी पणजी, म्हंजे तिची आई, गेली तवा आलती ती. मी धा वर्षांची आसंन. चालत आलती. आजोबानं दार उघडलं न्हाय. आमच्या आईनं तिला ह्याच सोप्यात बसवून घेतलं. दिवस मावळायच्या आत जेवू घातलं. जाताना तिनं आईचा हात धरून आपल्या कपाळाला लावला आणि गेली."

घरचं कुणी मला हे कधी सांगितलं नाही. शेजारणीनं सांगितलं. मी कागद मांडीवर घेतला. वर माझ्याकडची कृष्णा, तिच्यावर रेघ, आत काही नाही. खाली निपाणीची लक्ष्मी, शाई भरलेली. एकाच बाईचे दोन गोल. मी वरच्या कृष्णाच्या गोलात शाई भरली आणि खाली लक्ष्मीपर्यंत रेघ ओढली. तिच्या आई-बापाकडून बिघडलेली एक प्रत तिच्या भावाकडं आली असणार, माझ्या आजोबांकडं. आजोबांकडून वडिलांकडं, वडिलांकडून माझ्याकडं, माझ्याकडून सुनंदाला आणि मुलाला, आणि मुलाकडून रेवतीला. मी ज्यांच्या घरात खोट शोधायला गेले होते त्यांच्या घरात ती आमच्याच घरानं पाठवली होती, आणि पाठवून दार लावून घेतलं होतं.

परत निपाणी

हौसाक्का गिरणीच्या ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. सुनंदा आणि सागर आतच होते. मी उभ्यानंच सांगून टाकलं, नाहीतर धीर गेला असता.

"हौसाक्का, तुमच्या सासूला म्हायेर होतं. मी त्या म्हायेरची."

आणि सगळं सांगितलं, दारासकट. सुनंदाला म्हटलं, "हे तुझ्यामुळं न्हवं आणि कुणामुळंच न्हवं. दोन्हीकडनं आलंय, आणि दोन्हीकडचं एकाच घरचं हाय."

हौसाक्कांनी सूप खाली ठेवलं. "दर नागपंचमीला ती दारात हुबी ऱ्हायची," त्या म्हणाल्या. "गल्लीतल्या समद्या सुनांना भाऊ न्यायला यायचे. ही तिन्हीसांजेपर्यंत हुबी. मला वाटायचं, मुकं माणूस हाय, रस्ता बघत बसतंय. मी तिला कामाला हाका मारायची. ऐकू येत न्हाय हे ठावं असून."

पदरानं डोळे पुसले आणि लगेच माझ्यावर धावल्या. "आणि एवढ्या वर्षांनी म्हायेरचं माणूस आलं, ते पन रिकाम्या हातानं! साडी न्हाय, काय न्हाय. आर्धा कुंदा!"

सुनंदा हसली. त्या घरात तिला असं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

"जा रं सागऱ्या," हौसाक्का म्हणाल्या, "रगत देऊन ये."

"मी कधीच तयार हुतो, आज्जे. तूच न्हाय म्हणत हुतीस."

परत बेळगाव

सागरचा कागद यायला तीन आठवडे लागले. त्याच्यातही एक बिघडलेली प्रत निघाली. डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवून पुन्हा सगळं सांगितलं. दोघांनी एकत्र बसून चहा घेतला, आणि सागर निपाणीच्या गाडीत बसला. रेवती लॅबमधलं काम आटोपून संध्याकाळी खोलीवर आली. मी पुन्हा गावाहून येऊन तिथं वाट बघत होते.

मी आधीच ठरवून ठेवलं होतं. चारात एक म्हणजे चारात तीन चांगलेच की. आणि तनूत तरी काय कमी आहे? असं बोलायचं, पोरीला धीर द्यायचा. मी सुरुवात केली तशी तिनं माझा हात धरला.

"आजी, मला तनूसारखं बाळ झालं तर मी आनंदानं वाढवीन. भीती त्याची न्हाय."

"मग?"

"मी सागरला लहानपणापासून दादा म्हणते. सुपारी फुटली त्या दिवशी तू म्हणालीस, आता दादा म्हणू नकोस. त्या दिवसापासून मला झोप न्हाय. कागद आला आणि मला बरं वाटलं, आजी. आणि बरं वाटलं याचं वाईटही वाटलं. चहा घेताना सागरलाही हेच सांगितलं."

"आधी का बोलली न्हाईस?"

"तू विचारलंस कधी?"

नव्हतं विचारलं. तिला काय वाटतं एवढं सोडून मी सगळ्यांना सगळं विचारत फिरले होते. दोन घरं एक करायची माझी हौस, बावीस वर्षांची, मी तिथं रेवतीच्या खाटेवर बसून खाली ठेवली. वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. मग म्हटलं, सुपारी मी फोडायला लावली, मोडल्याचंही मीच सांगेन. फोन घेतला.

सुनंदानं गिरणीच्या आवाजातच उचलला. मी सांगितलं, रेवती सून म्हणून येणार नाही, भाची म्हणून येत राहील.

"सागर आल्यापासनं जेवला न्हाय, आई," ती म्हणाली. "त्याच्या मनात हुती ती."

"मला ठावं न्हवतं गं."

"मलाबी न्हवतं. जेवंल उद्या. मी बघते." मग गिरणी बंद झाली, आणि मागून तनूचा खणखणीत आवाज आला. सुनंदा म्हणाली, "थांब, ही फोन ओढतीया. विचारतीया, रेवतीताईच्या लग्नात आता तिच्या बाजूची करवली मीच न्हवं?"

मी रेवतीकडं बघितलं. ती रडता रडता मान हलवत होती.

"व्हय म्हणून सांग," मी म्हटलं. "नवरा अजून बघायचा हाय, पर करवली ठरली."